वजन उतरलं, पट्ट्याचं भोक तेच: व्यायाम आणि आहार कोणत्या क्रमाने जुळवायचा

मार्च उजाडला की माझ्याकडे एकाच तक्रारीची माणसं येतात. जानेवारीत जिम लावलेली असते. रात्रीचा भात बंद, पोळ्या दोनावर आणलेल्या, रोज पाऊण तास ट्रेडमिल. काट्यावर पाच-सहा किलो उतरलेलेही असतात. पण पोट होतं तिथंच आहे, खांदे मात्र पडलेत, चेहरा ओढलाय आणि घरचे विचारतात, "बरं नाहीये का?"

मी पुण्यात कोथरूडमधल्या एका छोट्या जिममध्ये सकाळच्या बॅचला शिकवतो. या मंडळींच्या वह्या चाळल्या (वही असलीच तर) की आळस कुठेच दिसत नाही. गफलत असते ती क्रमात. आधी ताट कापायचं, मग घाम गाळायचा, आणि वजनं उचलायचं 'जरा बारीक झालो की बघू' म्हणून शेवटी ठेवायचं. अन्न कमी आणि स्नायूंना काम नाही, असं झालं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मीसुद्धा एके काळी तळजाई टेकडीवर पळून आणि काकड्या खाऊन नऊ किलो असेच घालवले होते. वर्षभरात ते परत आले, आणि आले ते सगळे पोटावर.

खाली दिलेला क्रम सोळा आठवड्यांचा आहे. आधी उचला, मग प्रोटीन भरा, आणि सगळ्यात शेवटी ताटातून थोडं काढा.

चरबी घटणं आणि स्नायू वाढणं एकाच वेळी होतं, पण सगळ्यांचं सारखं होत नाही. नवखी माणसं, वर्ष-दोन वर्षांच्या खंडानंतर परतलेली आणि पोट सुटलेली यांचं सगळ्यात चांगलं होतं. तीन-चार वर्षं नीट व्यायाम करून आधीच सडसडीत असलेल्याने या भानगडीत पडू नये. त्याने एका वेळी एकच काय ते ठरवावं.

आधी थांबा: मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, हर्निया असेल, छातीत कधी दुखलं असेल किंवा गरोदरपण असेल, तर पहिला टप्पा डॉक्टरांकडे. व्यायाम वाढला आणि खाणं घटलं की साखर अचानक खाली येऊ शकते, त्यामुळे औषधाचा डोस बदलावा लागतो. तो स्वतः बदलू नका.

## टप्पा १: मोजून ठेवा (पहिला आठवडा, काहीही न बदलता)

या आठवड्यात नेहमीचं खायचं, नेहमीसारखं राहायचं आणि फक्त लिहायचं. सगळ्यांना हाच आठवडा टाळायचा असतो, आणि दहाव्या आठवड्यात 'काही फरकच नाही' म्हणून सोडून देणारेही तेच असतात.

नुसत्या वजनावर का जायचं नाही, याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना छापली. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) दोघांचाही २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्याच्या दृष्टीने मात्र दोघं सारखेच. दिसायला बारीक आणि आतून चरबी, हा आपल्याकडचा नेहमीचा नमुना आहे. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात आणि कमरेची हद्द पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर मानतात.

काय मोजायचं:

१. कंबर. शिंप्याची टेप बेंबीच्या रेषेत, जमिनीला समांतर. सकाळी, पोट साफ झाल्यावर, श्वास सहज सोडून. पोट आत ओढायचं नाही, टेप कातडीत रुतवायची नाही. तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा.

२. छाती, दंड, मांडी. मांडी गुडघ्यापासून किती बोटं वर मोजली ते लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी जागा बदलते.

३. वजन. रोज सकाळी, एकाच काट्यावर. पण बघायची ती सात दिवसांची सरासरी.

४. तीन फोटो: समोरून, बाजूने, पाठीमागून. एकच खिडकी, एकच वेळ, एकच चड्डी.

सरासरी का, तर एक उदाहरण बघा. रविवारी मिसळ, संध्याकाळी भेळ. सोमवारी काट्यावर ७४.२ चे ७५.४. ही १.२ किलो चरबी नव्हे. मीठ आणि पिष्ट पदार्थ अंगात पाणी धरतात, बुधवारपर्यंत ते निघून जातं. पण माणूस सोमवारी घाबरतो आणि मंगळवारी जेवण सोडतो. बायकांचं वजन पाळीच्या आधी असंच चढतं. त्यांनी आठवड्याशी आठवडा जुळवू नये, मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी जुळवावं.

सावधान: जिममध्ये अनवाणी उभं करून 'बॉडी फॅट' छापून देणारं यंत्र शरीरातून बारीक वीजप्रवाह सोडून पाण्यावरून अंदाज बांधतं. दोन ग्लास पाणी जास्त प्यालात किंवा नुकताच घाम गाळलात की आकडा हलतो. त्या पट्टीवर आनंद नको, रडू नको आणि त्यावरून विकायला काढलेलं पॅकेज तर मुळीच नको.

## टप्पा २: वजनं उचला (दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात ताट कापायचं नाही)

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक-एक दिवस विश्रांती. सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार. 'आज छाती, उद्या बायसेप्स' हे वेळापत्रक नवख्याच्या कामाचं नाही, कारण त्यात प्रत्येक स्नायूला आठवड्यातून एकदाच काम मिळतं आणि पाय हमखास बुडतात. दर वेळी पूर्ण अंग घ्या. दोन पाळ्या आलटून पालटून:

पाळी 'अ': स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), डंबेल बेंच प्रेस (बाकावर पडून डंबेल छातीवरून वर ढकलणं), बसून केबल रोइंग (केबल पोटाकडे ओढणं), प्लँक (कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं).

पाळी 'ब': रोमानियन डेडलिफ्ट (उभ्याने कंबर मागे ढकलत वजन खाली नेऊन वर आणणं), शोल्डर प्रेस (खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलणं), लॅट पुलडाउन (वरची दांडी छातीकडे ओढणं), लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं).

प्रत्येकाचे तीन सेट, सेटमध्ये ८ ते १२ रेप्स (एकदा उचलून खाली आणलं की एक रेप). प्लँक तेवढा सेकंदांत. सेटच्या मध्ये दोन मिनिटं, पायांच्या सेटनंतर तीनही चालतील. सगळं मिळून पन्नास मिनिटं ते तास.

पहिले दोन आठवडे वजन इतकं हलकं ठेवा की लाज वाटेल. सांधे आणि स्नायुबंध स्नायूंपेक्षा हळू तयार होतात. बारवर, म्हणजे चकत्या लावायच्या लांब दांडीवर, जायची घाई नको. जिममधली मोठी बार रिकामीच २० किलोची असते. स्क्वॉटची सुरुवात एकच डंबेल छातीशी उभा धरून करायची, त्याला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात. तो धरला की पाठ आपोआप सरळ राहते. रोमानियन डेडलिफ्टमध्ये पाठ वाकवायची नसते, कंबर मागे ढकलायची असते. मी नव्या माणसाला भिंतीकडे पाठ करून एक पाऊल पुढे उभं करतो आणि सांगतो, "हातात काही घेऊ नकोस, ढुंगण भिंतीला टेकव." पाच-सहा वेळा टेकवलं की मांडीच्या मागे ताण येतो. चेहरा बदलतो तेव्हा कळतं की जमलं.

वजन कधी वाढवायचं? इथे वही लागते. डंबेल प्रेस १० किलोच्या जोडीने केला आणि तीन सेटमध्ये १०-९-८ रेप्स झाले, तर तसंच लिहा. पुढच्या 'अ' पाळीला तीच जोडी, ११-१०-९. असं करत १२-१२-१२ झालं की १२.५ ची जोडी उचला. रेप्स परत आठ-नऊवर येतील, ते बरोबर आहे. सेट थांबवायची खूण अशी: अजून दोन निघाले असते, पण तिसरा वाकडा आला असता. दर सेटला हात थरथरेपर्यंत जायची गरज नाही आणि बारा झाले म्हणून गप्पा मारत डंबेल ठेवण्यातही अर्थ नाही. दुसरा प्रकार मला जास्त दिसतो. सहा महिने तीच गुलाबी डंबेल, तेच बारा.

बायकांसाठी वेगळं वेळापत्रक नाही. 'हात पुरुषासारखे होतील' ही भीती मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. दंड भरायला पुरुषांना वर्षं लागतात, आणि त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कितीतरी पट जास्त असतं. उलट मासिक पाळी थांबल्यानंतर हाडं विरळ व्हायला लागतात, तेव्हा वजन उचलण्याइतकं कामाचं दुसरं फार थोडं आहे.

घरीच करायचं असेल तर डंबेलची एक जोडी आणि पाठीवरची सॅक पुरे. सॅकमध्ये पाच किलो पिठाची पिशवी घालून स्क्वॉट होतो, सॅक छातीखाली ओढून रोइंग होतं. वाढवायची वेळ आली की दुसरी पिशवी. वही मात्र इथेही सुटत नाही.

तपासणी: पाचव्या आठवड्याच्या शेवटी वही उघडा. बाराच्या बारा दिवस झाले का? दहाच्या खाली असतील तर पुढे जाऊ नका, हाच टप्पा वाढवा. आठपैकी निदान सहा व्यायामांत वजन किंवा रेप्स वाढल्यात का? नसतील तर हलकं उचलताय, नाहीतर झोप कमी पडतेय.

सावधान: स्नायू दुखणं आणि सांधा दुखणं वेगळं. मांडी दोन दिवस ठणकली, जिना उतरताना 'आई गं' झालं, तर चालतं. गुडघ्यात, खांद्यात किंवा कमरेत एका बिंदूवर टोचतंय, नाहीतर पायात मुंग्या उतरतायत, तर तो व्यायाम तिथेच बंद.

## टप्पा ३: ताटात प्रोटीन भरा (तिसऱ्या आठवड्यापासून)

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

किती हवं? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे, पण ती नेहमीच्या गरजेपुरती. वजनं उचलून स्नायू राखायचे-वाढवायचे असतील तर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास धरा. तुमचं वजन ९५ असेल तर ९५ ने गुणू नका, चरबीला प्रोटीन लागत नाही. सोपा हिशेब: उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, त्यातून १०० वजा करा आणि उरलेल्याला १.६ ने गुणा. उंची १७० असेल तर ७० गुणिले १.६, म्हणजे ११२ ग्रॅम.

आता स्वयंपाकघरात या. "आम्ही रोज वरण खातो, प्रोटीन पुष्कळ मिळतं," हे वाक्य मी शेकड्याने ऐकलंय. एकदा स्वयंपाकाचा वजनकाटा घ्या आणि कुकर लावायच्या आधी कोरडी तूरडाळ मोजा. चौघांच्या घरात साधारण १०० ग्रॅम निघते. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन. भागिले चार. तुमच्या वाटीत आलं साडेपाच ग्रॅम. बाकी वाटीभर पाणी आणि हिंगाचा वास. वरण वाईट नाही, पण ११२ मधले साडेपाच आहेत, एवढं डोळ्यांनी बघा. मोठ्या भगोण्यातलं वरण ढवळताना तळाला पळी जाऊ द्यायची ही जुनी युक्ती आहे. निम्मी डाळ तिथेच बसलेली असते.

तोंडपाठ असावेत असे आकडे, सगळे अंदाजे:

- अंडं एक: ६ ग्रॅम
- चिकनचा छातीचा भाग, कच्चा १०० ग्रॅम: २२ ते २३
- मासे, कच्चे १०० ग्रॅम: १८ ते २०
- पनीर १०० ग्रॅम: १८ ते २०, पण चरबीही साधारण तितकीच
- सोयाचे वडे, कोरडे ५० ग्रॅम: २५ ते २६
- मूग किंवा मटकी, कोरडी ५० ग्रॅम: १२
- बेसन ४० ग्रॅम (एका माणसाचं घट्ट पिठलं): ९
- फुटाणे ४० ग्रॅम: ८
- दही २०० ग्रॅम: ७
- दूध २५० मिली: ८
- पोळी एक: ३ ते साडेतीन

यातल्या तीन जागी हमखास घसरायला होतं. पहिली, मोड आलेल्या मटकीला कोरड्या मटकीचा आकडा लावणं. मोड आले की निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. भिजत घालायच्या आधी मोजा. दुसरी, शेंगदाणे. शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन २५ ग्रॅम हे खरं, पण उष्मांक साडेपाचशेच्या वर. शेंगदाणा तेलबी आहे. चटणीत, कोशिंबिरीत छान, पण प्रोटीनची भरपाई करायला मूठ-मूठ खाल्ला तर कंबर वाढते. बदामांचंही तेच. तिसरी जागा उपवासाची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. चतुर्थी, गुरुवार, एकादशी असे महिन्याचे आठ-नऊ दिवस खिचडीवर काढले तर प्रोटीनचा महिना हुकतो. उपवासाला दूध, दही, ताक, पनीर चालतंच. खिचडी अर्धी वाटी आणि पुढ्यात मोठी वाटी दही, किंवा भगरीबरोबर पनीरची फोडणी न दिलेली भाजी.

शाकाहारी माणसाचा एक दिवस मांडून बघू, १७० सेंटिमीटर उंचीचा. सकाळी मुगाची धिरडी (६० ग्रॅम कोरडे मूग) आणि वाडगाभर दही: २१. दुपारी दोन पोळ्या, ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, दीडशे ग्रॅम दही: २४. संध्याकाळी दूध आणि फुटाणे: १६. रात्री १०० ग्रॅम पनीर, एक ज्वारीची भाकरी, वाटीभर वरण: २८. झाले ८९, उष्मांक एकोणीसशेच्या घरात. अजून बावीस-तेवीस हवेत. ते दुधा-पनीराने भरायला गेलात तर चरबी वाढेल. म्हणून इथे सोयाचे वडे नाहीतर व्हे पावडरचा एक स्कूप (डब्यातला मोठा चमचा) कामाला येतो. पावडर औषध नाही आणि विषही नाही, दुधाच्या निवळीचं प्रोटीन आहे. अंडी-चिकन खाणाऱ्याला तिची गरज सहसा पडत नाही.

पावडर घेतलीच तर डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक बघा आणि १०० ग्रॅममागे प्रोटीन किती ते वाचा. सत्तरच्या खाली असेल तर परत ठेवा. 'मास गेनर' नावाचा मोठा डबा बहुतेक साखर आणि पिष्टाचा असतो. क्रिएटिन मोनोहायड्रेट नावाची पूरक पावडर रोज ३ ते ५ ग्रॅम घेतली तर उचलायला मदत होते; पहिल्या आठवड्यांत किलोभर वजन वाढेल, ते स्नायूंतलं पाणी. रक्त तपासायचं असेल तर क्रिएटिन घेताय हे डॉक्टरांना सांगा, कारण अहवालात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम जोखायचा आकडा) थोडं चढलेलं दिसू शकतं. बाकी 'फॅट बर्नर', काउंटरखालून निघणाऱ्या गोळ्या आणि 'सर, एक छोटं इंजेक्शन आहे' म्हणणारा ट्रेनर, तिन्हींपासून लांब.

मेसच्या डब्यावर राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. डबा बदलता येत नाही, त्यात भर घालता येते. खोलीवर इलेक्ट्रिक केटली असेल तर त्यात चार अंडी उकडतात आणि सोयाचे वडेही. दह्याचा ४०० ग्रॅमचा कप दिवसभरात संपवला की १४ ग्रॅम झाले. भाजीवरचं तेल वाटी कलती करून काढून टाका.

तपासणी: सलग सात दिवस खाल्लेलं लिहा, प्रोटीनची बेरीज करा. लक्ष्याच्या ९० टक्क्यांच्या वर पाच दिवस तरी असायला हवेत. नसतील तर चौथ्या टप्प्याकडे बघूसुद्धा नका. या वाढीने पोट जड होत असेल, गॅस होत असेल, तर दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी वाढवा.

## टप्पा ४: आता कात्री (सहाव्या आठवड्यापासून)

आतापर्यंत वजन फार हललेलं नसेल. कंबर कदाचित सेंटिमीटरभर कमी झाली असेल. ठीक आहे. आता रोजचे सुमारे ३०० उष्मांक काढायचे, लहान चणीच्या बायकांनी २००. याहून जास्त नाही. एकदम सहा-सातशे काढले की दोन आठवडे काटा झपझप खाली येतो आणि त्याच दोन आठवड्यांत वहीतले आकडे पडायला लागतात.

पोळीला हात लावायच्या आधी तेल बघा. घरात चौघं आणि पाच लिटरचा कॅन महिन्यात संपतो? पाच लिटर तेल साधारण साडेचार किलो भरतं, आणि एका ग्रॅम तेलात ९ उष्मांक. भागाकार केला तर माणशी रोज सुमारे ३४० उष्मांक निव्वळ तेलाचे. हाच कॅन दोन महिने पुरवला तर अर्धी कात्री इथेच लागली, एकही घास कमी न करता. कॅनवर मार्करने तारीख घाला. फोडणीला थेट बाटली वाकवू नका, चहाच्या चमच्याने मोजून घाला. पहिल्या दिवशी घरात वाद होईल. माझ्याकडे सासू-सून दोघी एकाच बॅचला येतात. तेलाचा चमचा कोणाच्या ताब्यात राहील यावर त्यांचे दोन आठवडे गेले.

दुसरी जागा चहा. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे सव्वाशेच्या वर उष्मांक. अमृततुल्यातला चहा तर बिनसाखरेचा मिळतच नाही, म्हणून कपांची संख्या कमी करा. तिसरी जागा: चहाबरोबरची बाकरवडी, पोह्यांवरची शेव, टीव्हीसमोरचं फरसाण. मिसळीतली मटकी कामाची आहे, तर्री सोडा असं सांगायची माझी हिंमत नाही. महिन्यातून एकदा सगळी खा आणि वहीत लिहा.

हे करून ३०० होत नसतील तर मगच एक पोळी किंवा भाताची एक मूद कमी करा, तीही ज्या दिवशी उचलायचं नाही त्या दिवशी. व्यायामाच्या आधीच्या जेवणातला भात काढून टाकणं ही चूकच आहे. पाय उचलत नाहीत मग.

तपासणी: सरासरी वजन आठवड्याला पाव ते अर्धा टक्का उतरावं. ७५ किलोच्या माणसाला दोनशे ते पावणेचारशे ग्रॅम. जास्त वेगाने उतरतंय आणि वहीतले आकडेही पडतायत, तर ताटात शंभर-दीडशे उष्मांक परत घाला.

## टप्पा ५: चालणं आणि झोप

रोज सात-आठ हजार पावलं, एवढं पुरे. हिंजवडीच्या बसमधून उतरून एक थांबा आधीपासून चालत गेलात तरी अर्धं काम होतं. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या, जे जवळ असेल ते. रविवारी सिंहगड चढणाऱ्यांना एक सूचना: मांड्या ठणकतात त्या उतरताना. त्यामुळे सोमवारी स्क्वॉट ठेवू नका, आठवडा मंगळवारपासून धरा. आणि वर गेल्यावर कांदाभजी दोन प्लेट खाल्लीत तर चढण्यातलं जे काही होतं ते फिटलं. मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी घ्या.

झोप सात तासांच्या खाली जात असेल तर वरचं सगळं अर्धवट चालतं. रात्रपाळीवाल्यांनी व्यायाम झोपेनंतर करावा, झोपेच्या आधी दमून भागून नाही.

## टप्पा ६: दर चार आठवड्यांनी निर्णय

कात्री लावल्यापासून चार आठवडे झाले की, म्हणजे दहाव्या आठवड्यात, टेप, सरासरी वजन आणि वही शेजारी ठेवा. मग पुन्हा चौदाव्यात. मधल्या काळात काही बदलू नका.

कंबर कमी, वजन तेच, उचलणं वाढलेलं: हेच हवं होतं, काहीही हलवू नका. याच वेळी लोक काट्याकडे बघून कावतात आणि जेवण आणखी कापतात.

कंबर कमी, वजन कमी, उचलणं पडलेलं: खाणं फार कापलंय किंवा प्रोटीन घसरलंय. आधी प्रोटीन तपासा.

कंबर वाढली, वजन वाढलं: मोजण्यात गळती आहे. सात दिवस सगळं लिहा, ऑफिसमधल्या वाढदिवसाच्या केकसकट. तरी सापडलं नाही तर १५० उष्मांक आणखी काढा.

काहीच हललं नाही, उचलणंसुद्धा नाही: ताटाला दोष देऊ नका, दुसऱ्या टप्प्यात जा. हजेरी आणि वजनांचे आकडे तिथे खरं बोलतील.

गणपतीचे दहा दिवस, दिवाळी, लग्नसराई यांत कात्री लावायचा हट्ट नको. त्या दिवसांत फक्त दोन गोष्टी सांभाळा: उचलायचे तीन दिवस चुकवू नका आणि सकाळचं प्रोटीन सोडू नका. मोदक खा, तूप घालून खा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी 'भरपाई' म्हणून उपाशी राहू नका. पुढचे चार दिवस नेहमीचं जेवा, काट्यावर चढू नका.

सोळावा आठवडा संपला की त्याच खिडकीपाशी, त्याच चड्डीत फोटो काढा आणि कंबर मोजा. मग काढलेले ३०० उष्मांक दोन-तीन आठवड्यांत हळूहळू परत घाला, आधी भात-पोळी, तेल शेवटी. उचलायचे तीन दिवस आणि प्रोटीनचा आकडा तसाच राहू द्या. त्यानंतर महिन्याच्या एक तारखेला टेप लावा. दोन सेंटिमीटर वाढली की परत टप्पा ४, सहा आठवड्यांसाठी.